फायरबॉल छाटून जादूगार आटोक्यात येत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांची ओळख करून देणारा लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांचे बोलणे एवढ्यावर चालणाऱ्या या खेळाविषयी मराठीत फार थोडे छापून येते. लेखाच्या अखेरीस स्वतःचे नियम रचू पाहणाऱ्या मुलांसाठी एक सल्ला होता : जादूगार इतरांना भारी पडत असेल, तर त्याच्या मंत्रांचे फासे कमी करा. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो भलत्याच ठिकाणी कात्री चालवतो. का, ते आकड्यांनीच दाखवता येते.

सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, पाचवी लेव्हल, म्हणजे पात्राच्या प्रगतीची पाचवी पायरी. एकीकडे दोन हातांची मोठी तलवार घेतलेला फायटर म्हणजे लढवय्या, दुसरीकडे विझार्ड म्हणजे जादूगार. दोघांचाही मुख्य गुण १८, म्हणजे +४. त्यात प्रोफिशियन्सीचे, म्हणजे सरावाचे, +३ धरून हल्ल्याच्या फाशात +७ मिळवायचे. शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १५. वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा त्याहून जास्त पडले की वार लागतो, म्हणजे ६५ टक्के वेळा. फायटर एका टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, दोन वार करतो. प्रत्येक वाराला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) अधिक ४, सरासरी ११. वीस पडल्यावर फासे दुप्पट होतात, ती भर धरली की फेरीमागे (प्रत्येकाची एक पाळी झाली की एक फेरी) सरासरी १५ डॅमेज, म्हणजे इजा, येते. विझार्डला फुकट, हवा तितक्या वेळा मिळणाऱ्या फायरबोल्ट मंत्राचे (२डी१०) तेच गणित ७.७ वर थांबते. थोडक्यात, स्लॉट (फुकट नसलेला मंत्र टाकण्याची एक संधी) न खर्चता लढणारा विझार्ड फायटरच्या जेमतेम निम्मा असतो.

आता फायरबॉल. आगीचा लोळ उठवणारा, तिसऱ्या पातळीचा मंत्र (पातळी मंत्राची, लेव्हल पात्राची), २० फूट त्रिज्या, ८डी६, सरासरी २८. विझार्डचा सेव्ह डीसी (बचावासाठी शत्रूने फाशावर गाठायचा आकडा) १५ आणि शत्रूला डेक्स्टेरिटीचे, म्हणजे चपळाईचे, +२ असेल, तर तो ४० टक्के वेळा वाचतो, आणि वाचला तरी निम्मे डॅमेज खातो. प्रत्येकी सरासरी २२.४, आगीच्या घेऱ्यात तिघे सापडले तर ६७. फायटरला एवढ्यासाठी साडेचार फेऱ्या झुंजावे लागते. एवढे पाहून कुणालाही वाटेल की फासे कमी करायलाच हवेत. त्यासाठी ६डी६ हा आकडाही तयार असतो. त्याच आवृत्तीच्या डन्जन मास्टर्स गाइड या, खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात नवे मंत्र रचणाऱ्यांसाठी एक तक्ता आहे आणि त्यात तिसऱ्या पातळीच्या, अनेकांना लागणाऱ्या मंत्राला ६डी६ दिले आहेत. फायरबॉल त्या तक्त्याच्या वर आहे, हे खरेच.

पण हिशेब एका मंत्राचा करून भागत नाही. तो पूर्ण दिवसाचा, म्हणजे स्लॉट भरून देणाऱ्या एका मोठ्या विश्रांतीपासून पुढच्या मोठ्या विश्रांतीपर्यंतचा करावा लागतो. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचे २ स्लॉट असतात. दिवसातून एकदा छोट्या विश्रांतीनंतर आर्केन रिकव्हरी या विझार्डच्या सोयीने तिसऱ्या पातळीचा आणखी एक परत मिळतो. फायटरची ॲक्शन सर्ज, म्हणजे एक जादा ॲक्शन, प्रत्येक छोट्या विश्रांतीनंतर परत येते. लढाई चार फेऱ्यांची धरू आणि विझार्डने सारे स्लॉट हल्ल्यालाच वापरले असे समजू.

दिवसात एकच लढाई झाली तर फायटरचे एकूण डॅमेज ७५. विझार्डचे दोन फायरबॉल आणि दोन स्कॉर्चिंग रे (दुसऱ्या पातळीचा हल्ल्याचा मंत्र) मिळून १६४. तीन लढाया आणि मध्ये एक छोटी विश्रांती असेल तर फायटर २१०, विझार्ड ३०३. सहा लढाया आणि दोन छोट्या विश्रांती असतील तर फायटर ४०५, विझार्ड ३९६. वर्ग (म्हणजे पात्रांचे प्रकार) तेच, मंत्र तेच, फासे तेच. दिवस लांबला आणि दुपटीहून मोठी तफावत मिटली. त्या गाइडमध्ये दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि साधारण दोन छोट्या विश्रांती गृहीत धरल्या आहेत, त्याचे कारण या बेरजेतच दिसते.

आता फायरबॉल ६डी६ करून पाहा. एका लढाईच्या दिवशी विझार्ड १६४ वरून १३० वर येतो; फायटर ७५ वरच आहे, म्हणजे तक्रार जिथल्या तिथे. सहा लढायांच्या दिवशी मात्र विझार्ड ३४५ वर घसरतो आणि फायटर ४०५ वर राहतो. जिथे दुखत होते तिथे गुण नाही आणि धडधाकट भाग अधू झाला. कात्रीचा हा सल्ला आम्हाला खटकतो तो यामुळे. नव्याने नियम लिहिणारी मुले तो मनोभावे पाळतात, एकेक मंत्र बोथट करत नेतात आणि अखेर जादूगार खेळायला कुणी तयार होत नाही.

मूळ अडचण साधी आहे. बहुतेक टेबलांवर खेळ आठवड्यातून एकदा, तीन-चार तास चालतो. पाच खेळाडूंची एक लढाई पाऊण तास ते तास खाते. बाकीचा वेळ बोलणे, शोध, प्रवास यात जातो. एका बैठकीत एक, फार तर दोन लढाया होतात, आणि बैठक संपली की 'रात्री मुक्काम केला' असे म्हणून सगळे स्लॉट भरून दिले जातात. महिन्याचा पगार रोज संध्याकाळी पुन्हा हातात पडला, तर काटकसर कोण करील? खेळातला दिवस आणि टेबलावरची बैठक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मे काम होते. बैठक संपताना उरलेले स्लॉट कॅरेक्टर शीटवर पेन्सिलीने लिहून ठेवावेत आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात करावी. एक दिवस तीन बैठका चालला तरी काही बिघडत नाही.

ते जमणार नसेल तर स्लॉटच दिवसाच्या मापाने कापावेत. दोन विश्रांतींमध्ये दोनच लढाया होणार, हे पक्के असेल तर पाचव्या लेव्हलच्या विझार्डला ४, ३, २ ऐवजी २, २, १ स्लॉट द्या आणि आर्केन रिकव्हरी काढून टाका. आठ फेऱ्यांत एक फायरबॉल, दोन स्कॉर्चिंग रे, दोन मॅजिक मिसाइल (पहिल्या पातळीचा हल्ल्याचा मंत्र) आणि उरलेल्या तीन फेऱ्या फायरबोल्ट : बेरीज १४१. फायटरच्या आठ फेऱ्या आणि एक ॲक्शन सर्ज : १३५. फायरबॉल ८डी६ चाच राहिला. तो टाकताना खेळाडूच्या अंगावर येणारा रोमांचही शाबूत राहिला. फक्त तो एकदाच टाकायचा असल्याने कधी टाकावा, याचा विचार करावा लागतो. विचार करायला लावणारी शक्ती खेळात रंगत आणते, बोथट शक्ती आणत नाही.

शक्ती कधी परत मिळणार, या पुनर्भरणाच्या घड्याळाशी रचनाकार पन्नास वर्षे झटत आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७४ च्या मूळ नियमांत तीनच वर्ग होते : फायटिंग-मॅन (लढवय्या), मॅजिक-यूजर (जादूगार) आणि क्लेरिक (पुरोहित). पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूजरला दिवसाला एकच मंत्र मिळे. तो वापरला की भुयारात उरलेला दिवस कट्यारीवर काढायचा. पुढे ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये दुसरी लेव्हल गाठायला चोराला १,२५० अनुभव-गुण पुरत, फायटरला २,००० लागत आणि मॅजिक-यूजरला २,५००. मंत्र म्हणत असताना घाव बसला तर मंत्र वाया जाई. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना अनुभवाचा एकच तक्ता दिला, घाव चुकवत मंत्र टाकण्याची सोय दिली आणि पहिल्या पातळीच्या मंत्राच्या, ५० वेळा चालणाऱ्या कांड्या ७५० सोन्याच्या नाण्यांत विकत मिळू लागल्या. यातली प्रत्येक सुधारणा स्वतंत्रपणे पाहिली तर समंजस होती. सगळ्या मिळून मात्र जादूवरचे जुने लगाम सुटले आणि वरच्या लेव्हलना फायटर निव्वळ सोबतीला उरला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने टोकाचा उपाय केला. प्रत्येक वर्गाला हवे तेव्हा वापरायच्या, लढाईत एकदा वापरायच्या आणि दिवसातून एकदा वापरायच्या, अशा एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या. संतुलन साधले, पण विझार्ड आणि फायटर हातात घेतल्यावर सारखेच वाटतात, अशी तक्रार झाली. ती तक्रार आम्हाला रास्त वाटते. वर्ग वेगळे वाटायचे असतील तर त्यांची घड्याळे वेगळी हवीत, आणि घड्याळे वेगळी ठेवली की दिवसाची लांबी कुणीतरी धरून ठेवायला हवी. रॉब हाइन्सो आणि जोनाथन ट्वीट यांच्या २०१३ च्या थर्टीन्थ एज या खेळाने ही गाठ छान सोडवली : शक्ती सूर्योदयाला परत येतच नाहीत, साधारण चार लढाया पार पडल्या की येतात. त्या चार लढाया एका दुपारी होवोत की महिनाभरात. नवे नियम लिहिणाऱ्याने यातून बेधडक उचलावे.

जोनाथन ट्वीट यांनीच मार्क राइन-हेगन यांच्यासह १९८७ मध्ये केलेल्या आर्स मॅजिका या खेळात तर जादूगार उघडपणे इतरांहून कितीतरी बलवान आहे. तिथे प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार आणि शिवाय एक साधा सोबती असतो, आणि आळीपाळीने कुणीतरी एकच जण जादूगार घेऊन बाहेर पडतो. पात्रे असमान, खेळाडू समान. ज्यांना कथेत जादू खरोखर भयंकर हवी आहे, त्यांनी ही वाट जरूर तपासावी.

घड्याळ ठरवले तरी ते मोडणारे मंत्र वेगळे शोधून काढावे लागतात. टायनी हट हा असाच एक. तिसऱ्या पातळीचा, पण रिच्युअल. म्हणजे दहा मिनिटे जादा घालवली की स्लॉटही खर्च होत नाही. तो आठ तास टिकणारा सुरक्षित घुमट उभा करतो, आणि मोठी विश्रांती नेमकी आठ तासांची. राक्षसांच्या गुहेच्या दारातही निवांत झोपता येत असेल, तर खेळाडू प्रत्येक लढाईनंतर झोपणारच. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या नियमांत असा मंत्र हवाच असेल, तर तो छोट्या विश्रांतीपुरता ठेवा किंवा त्याला स्लॉट आणि खर्चिक सामग्री लावा. गुडबेरीचेही तसेच. पहिल्या पातळीच्या एका स्लॉटमध्ये दहा बोरे, आणि एका बोरावर एका माणसाचा दिवस निघतो. दुष्काळ, उपासमार, जंगलातली भटकंती यावर मोहीम बेतली असेल, तर हा एक मंत्र ती पहिल्याच लेव्हलला संपवतो. इथे डॅमेज शून्य आहे, त्यामुळे फासे मोजणाऱ्याच्या नजरेतून तो हमखास निसटतो.

लढाईबाहेरच्या मंत्रांना आम्ही एकच कसोटी लावतो : हा मंत्र दुसऱ्या कुणाचे काम त्याच्याहून चांगले आणि कमी जोखमीत करतो का? नॉक हा मंत्र कुलूप उघडतो, पण त्याचा आवाज ३०० फुटांपर्यंत जातो. रोग या, चोरपावलांनी काम करणाऱ्या वर्गाला फासा टाकावा लागतो, तो हुकू शकतो, पण तो गुपचूप उघडतो. दोघांच्या वाटा वेगळ्या, दोघांची किंमत वेगळी. पास विदाउट ट्रेस हा मंत्र मात्र सगळ्या टोळीला लपण्यासाठी सरसकट +१० देतो. चिलखत घातलेला क्लेरिकही मग सहज लपतो आणि वर्षभर ते कौशल्य जोपासलेल्या रोगचे वेगळेपण पुसले जाते. अशा मंत्राने +१० देण्याऐवजी हुकलेला फासा पुन्हा टाकू द्यावा. ज्याचे कौशल्य मोठे, तो पुढेच राहतो.

शत्रूला जखडणाऱ्या मंत्रांची किंमत लावणे सर्वांत अवघड, आणि घरगुती नियम सर्वांत जास्त चुकतात तेही इथेच. माप डॅमेजचे लावू नका, हिरावलेल्या टर्नचे लावा. होल्ड पर्सन या मंत्रात शत्रू पहिल्या सेव्हला, म्हणजे बचावाच्या फाशाला, ६० टक्के वेळा फसतो आणि प्रत्येक टर्नच्या शेवटी त्याला पुन्हा संधी मिळते. चार फेऱ्यांच्या लढाईत सरासरी १.३ टर्न जातात. 'पुन्हा संधी' हे दोन शब्द वगळले तर हाच आकडा २.४ होतो. घरगुती मंत्रांत नेमके हेच शब्द लिहायचे राहून जातात. शिवाय जखडलेल्या शत्रूवर जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (दुप्पट फाशांचा) ठरतो आणि ॲडव्हान्टेजही (दोन फासे टाकून मोठा घेण्याची मुभा) मिळतो, त्यामुळे फायटरचे फेरीमागचे १५ तिथे ३१ च्या पुढे जातात. समोर चार शत्रू असतील तर एकाचा टर्न म्हणजे त्यांची पाव ताकद. समोर एकटाच खलनायक असेल तर तीच लढाईची सगळी ताकद. एकाच मंत्राची किंमत अशी चौपट बदलते.

म्हणून एकट्या बलाढ्य शत्रूसाठी वेगळा नियम लागतो. पाचव्या आवृत्तीत त्याला लेजेंडरी रेझिस्टन्स आहे : दिवसातून बहुधा तीन वेळा हुकलेला सेव्ह जमला असे त्याने जाहीर करायचे. चालते, पण तीन खेळाडूंचे तीन उत्तम मंत्र हवेत विरतात आणि टेबलावर मरगळ येते. पाथफाइंडर या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीची तोड अधिक माणुसकीची वाटते. तिथे सेव्हचे निकाल दोन नाहीत, चार आहेत, आणि मंत्राच्या पातळीच्या दुपटीहून वरच्या लेव्हलच्या शत्रूसाठी जखडणाऱ्या मंत्राचा निकाल एक पायरी सौम्य होतो. मंत्र बोथटतो, पण बहुतेकदा काहीतरी पदरात पडते.

कॉन्सन्ट्रेशनचा नियम मात्र पाचव्या आवृत्तीकडून जसाच्या तसा घ्यावा. टिकून राहणारा मंत्र एका वेळी एकच, आणि मार बसला की १० किंवा डॅमेजच्या निम्मे यांपैकी जे मोठे, त्याविरुद्ध कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, सेव्ह. +२ असलेला विझार्ड किरकोळ माराला ६५ टक्के वेळा तग धरतो; तीन बाण लागले तर सगळे सेव्ह जमण्याची शक्यता २७ टक्के. इतक्या छोट्या नियमाने दोन गोष्टी साधतात : उड्डाण, अदृश्यता आणि वेग एकावर एक चढत नाहीत, आणि पुढे उभे राहून विझार्डला झाकणाऱ्या फायटरला खरे काम मिळते. आपल्या नियमांत तो नसेल, तर दुप्पट-तिप्पट रचलेले फायदे आवरताना नाकी नऊ येतात.

साथीदारांना बळ देणाऱ्या मंत्रांबाबत हात थोडा सैल सोडा. ब्लेस तीन जणांच्या प्रत्येक हल्ल्याला १डी४ देतो. आपल्या फायटरचे त्यातून चार फेऱ्यांत साधारण ११ डॅमेज वाढते, म्हणजे एकट्या त्याच्यापुरतेच पहिल्या पातळीच्या मॅजिक मिसाइलइतके (१०.५), बाकी दोघांचे वेगळे. कागदावर हा मंत्र स्वस्त दिसतो. तरी टेबलावर त्याविरुद्ध कुणी कुरकुरत नाही, कारण फासा फायटरच्याच हातून पडतो.

आणखी एक माप कागदावर कधीच दिसत नाही, ते म्हणजे टेबलावरचा वेळ. २०१४ च्या कॉन्ज्युअर ॲनिमल्समध्ये आठ प्राणी बोलावता येत. आठ प्राण्यांचे आठ हल्ले, आठ जागा, आठांच्या हिट पॉइंटांचे (उरलेल्या जीवाचे) हिशेब, आणि बाकीचे चौघे वाट पाहत बसलेले. २०२४ च्या नियमांत त्यांच्या जागी एकच कळप आला, हे फार योग्य झाले. नवी शक्ती तपासताना मोबाइलवर वेळ लावा. एखाद्याचा टर्न इतरांच्या दुपटीहून जास्त चालत असेल, तर डॅमेज कितीही बेताचे असो, ती शक्ती टेबलावर जड आहे.

चाचणी घ्यायची ती याच क्रमाने. आधी दोन विश्रांतींमध्ये किती लढाया, ते लिहा. मग जादू नसलेल्या वर्गाचे त्या दिवसाचे एकूण काम काढा. जादूगाराची बेरीज त्याच्या दहा टक्के वर-खाली येईल इतके स्लॉट द्या. मग तीच टोळी तीन वेगळ्या दिवसांतून न्या : एक लढाई, ठरवलेल्या लढाया, आणि त्याहून दोन जास्त. पहिल्या दिवशी जादूगार पुढे आणि तिसऱ्या दिवशी मागे राहिला तर घड्याळ बरोबर लागले. तिन्ही दिवशी पुढे राहिला तर स्लॉट एकने कमी करा आणि पुन्हा मोजा. फायरबॉलमध्ये तिघे सापडतात हे गृहीतही बदलून पाहा. दोघेच सापडले तर ६७ चे ४५ होतात आणि सारी बेरीज हलते. अरुंद भुयारांच्या मोहिमेत आणि उघड्या माळावरच्या मोहिमेत एकच मंत्र वेगळा ठरतो, तो यामुळे.

मराठीत हे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी एक उपयोगाची माहिती. डन्जन्स अँड ड्रॅगन्सची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचा सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ हा नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ॲट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली खुला केला. वर उल्लेखलेले फायटर, विझार्ड आणि फायरबॉल त्यात आहेत. ठरलेला श्रेयनिर्देश छापून त्याचा मराठी अनुवाद करता येतो, नियम बदलता येतात आणि पुस्तक विकताही येते. मांत्रिक, वेताळ, देवऋषी यांना घेऊन खेळ रचायचा असेल, तर पाया शून्यापासून खणायची गरज नाही.

आपल्याला विनंती एवढीच की, पुरवणीत मुलांनी रचलेले नियम छापणार असाल, तेव्हा प्रत्येक शक्तीपुढे डॅमेजसोबत आणखी दोन रकाने ठेवावेत : ती किती वेळा वापरता येते, आणि किती लढायांनंतर परत येते. हे रकाने भरताना अडलेल्या मुलांची गणिते तपासून द्यायला आम्ही आनंदाने तयार आहोत.

आपले,
टेबलटॉप खेळांचे नियम लिहिणारे काही वाचक,
पुणे